बेटावर हाकेला ओ द्यायची नाही

भागूबाई हे तिचं नाव नव्हे. थोरल्या भावाने ते लहानपणी तिला चिकटवलं आणि डिंक इतका पक्का निघाला की पुढे कोणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ती मागे वळून बघायची, आपल्यामागे दुसरं कोणी उभं आहे की काय.

नाव चुकीचं मात्र नव्हतं. ती भ्यायची. कुत्र्याला, विजेच्या बटणाला, दार वाजवणाऱ्या अनोळखी बोटांना. पण ही सगळी वरवरची भीती. मुळातली भीती तिच्या पायांत होती. ती लहान असताना शेजारच्या घरी, लाकडी जिन्याच्या वळणावर, मामाचा पाय फळीतून आरपार गेला. मामाला खरचटलंसुद्धा नाही. मांडीपर्यंत अडकलेला मामा बघून घरदार हसून लोळलं. पण ती तेव्हा खालच्या खोलीत होती. तिने छतातून एक पाय बाहेर येताना पाहिला, आणि चप्पल सुटून खाली पडताना पाहिली. त्या दिवसापासून जमीन ही तिच्या लेखी कायमची संशयित झाली. पायाखाली जे असतं ते फक्त अजून कोसळलेलं नसतं.

अशा माणसाने पोट कसं भरावं? मासळी साफ करायच्या शेडमधली फरशी ओली असायची; तिथे ती जेमतेम महिनाभर टिकली. कपडे धुण्याच्या कारखान्यात काम वरच्या मजल्यावर होतं आणि यंत्रं सुरू झाली की मजला थरथरायचा. दुपारच्या सुट्टीत ती खाली उतरली ती परत वर गेलीच नाही. लग्नही ठरत आलं होतं. त्या घराला गच्चीवर जायला लोखंडी शिडी होती, तेवढ्यावरून हिने नकार दिला.

“नवरा बघायला गेली नि शिडी बघून आली,” वहिनी आल्यागेल्याला सांगायची. “भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. हिच्यापाठी आख्खं गवंडीकाम लागलंय!”

मग बेटाचं काम आलं. पक्ष्यांच्या खात्याची होडी दादा चालवायचा. बेटावर फिरायला खात्याला माणूस हवा होता. धडधाकट गडी आले आणि दोन दिवसांत परत पाठवले गेले. धडधाकट माणूस धाडधाड चालतो. दादा साहेबांना म्हणाला, “माझी बहीण आहे घरी. ती न्हाणीघरातसुद्धा लादी चाचपून पाय टाकते.” साहेब हसले नाहीत. म्हणाले, “उद्यापासून आणा.”

किनाऱ्यावरून बेट म्हणजे पाण्यात उपडी घातलेली परात. वर झाड नाही. नुसतं गवत, आणि गवतातून डोकी काढलेल्या दगडी इमारती: जहाजांवरून येणाऱ्या साथीच्या रोग्यांना अडवून ठेवायचं इस्पितळ, नोकरांच्या खोल्या, कपडे उकळायची भट्टी, तिचं धुराडं. पुढे जहाजं यायची थांबली, रोग शहरात शिरायच्या दुसऱ्या वाटा शिकले, आणि माणसं दारांना कुलपं न लावताच निघून गेली. मोकळी झालेली जमीन रडव्यांनी घेतली.

रडवे हे समुद्रपक्षी. काळपट, कबुतराहून थोडे मोठे. हवेत सुरीसारखे, जमिनीवर मात्र पांगळे. पोटावर सरपटत बिळात शिरतात. आख्खं बेट त्यांनी आतून पोखरलं होतं. वरून हिरवं गवत, खाली पोकळी आणि प्रत्येक पोकळीत एक अंडं. नुसता पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत आत जाणार, आणि टाचेखाली काय फुटलं ते आवाजावरून कळणार. जगात हे पक्षी थोडे उरलेत म्हणून त्यांना कायद्याचं संरक्षण होतं. म्हणून बेटावर पायांना फळ्या बांधून चालायचं. ताटाएवढ्या चौकोनी फळ्या, वर सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे. अंगाचा भार पसरतो, जमीन तग धरते. पाय फाकवून, एक उचलून दुसरा टाकत, बदकासारखं जायचं. धावता येतच नाही. जगाने शेवटी तिच्या चालीला कायद्याचं रूप दिलं होतं.

दुसरा नियम आवाजाचा. अंडं उबवणारा रडवा दिवसाही बिळातून मधूनच विव्हळतो. तो आवाज पक्ष्याचा वाटतच नाही. तान्हं मूल रडतंय, म्हातारं माणूस कण्हतंय, कोणी तरी लांबून आपल्यालाच बोलावतंय, असं काहीही वाटतं. नवीन माणूस “कोण आहे?” करत आवाजाकडे वळतो आणि फळीचा तोल जाऊन दोन-तीन बिळं तुडवतो. म्हणून बेटावर कोणी कोणाला हाक मारायची नाही, आणि कोणाच्याही हाकेला ओ द्यायची नाही. प्रत्येकाच्या कमरेला पत्र्याचा रिकामा डबा आणि एक मोठा बोल्ट. दोन ठोके म्हणजे मी इथे आहे, बरी आहे. तीन ठोके म्हणजे धावून या. म्हणजे अर्थात बदकासारखे या.

पहिल्या वर्षी भागूबाईला त्या आवाजात आई ऐकू आली. आईला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. जमिनीतून आई म्हणत होती, अगं, एवढा दिवा मालव. ती जागच्या जागी थिजली, पण तिने ओ दिली नाही. पुढे तिने त्यात मामाला ऐकलं, वहिनीला ऐकलं, न झालेल्या नवऱ्याला ऐकलं, एकदा तर स्वतःलाच ऐकलं. हळूहळू तिने कानाच्या आत एक दार बसवलं आणि ते लावून घ्यायला ती शिकली. भीती गेली नाही. फक्त दाराच्या पलीकडे उभी राहिली.

तिचं काम उंदरांचं. बेटावर उंदीर नव्हते. एक गाभण उंदरीण कुठल्याशा होडीतून उतरली तर सगळी अंडी संपायला एक हंगाम पुरे होता. जागोजागी छोट्या पेट्यांत मेणाच्या वड्या ठेवलेल्या असत. वडीवर दातांच्या खुणा दिसल्या तर समजायचं, आला. ती पेट्या उघडायची, वडी उजेडात धरायची, परत ठेवायची. बाहेरच्या पेट्या गवतात होत्या. आतल्या पेट्या इस्पितळात होत्या, खोल्याखोल्यांतून, आणि त्याही तिच्याच कामात होत्या. पण पहिल्याच दिवशी ती इस्पितळाच्या पायरीपाशी उभी राहिली. आत लांबलचक ओसरी, उखडलेल्या फरश्या, छतातून आलेला उजेड. तिचे पाय उचलेनात.

“बाहेरच्या तू बघ,” दादा म्हणाला, “आतल्या मी बघतो. साहेबाला काय कळतंय कोणी बघितल्या ते.”

होडी चालवणाऱ्याने होडीत थांबायचं असतं. तो तिच्यासाठी दर फेरीला आत जायचा. त्याबद्दल दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत. दादा तसा तोंडाळ. साऱ्या गल्लीत तिची टिंगल करणारा. पण इस्पितळाचं त्याने वहिनीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं.

“आज नका जाऊ,” वहिनी म्हणाली. ती ओट्यापाशी डबे भरत होती. “समोरच्या दोरीवरचे कपडे दिसत नाहीयेत.”

“अंड्यांचे दिवस आहेत. जायला हवं,” दादा म्हणाला.

“अंडी तुम्ही घालताय का?”

“मी नाही. पण उबवायला ही चाललीय.” त्याने बहिणीकडे हनुवटी केली. “काय भागूबाई? दारातल्या पायरीवरून उतरायला हात देऊ?”

“दे,” भागूबाई म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. पायरी दवाने ओली होती. दादाने हसत हसत हात दिला.

धक्क्यावर नेहमीसारखं दोघांनी आपापल्या पिशव्या पांढऱ्या चादरीवर उलट्या करून झटकल्या, उंदीर नाही हे बघितलं, आणि निघाले. होडीत ती मधल्या फळीला दोन्ही हातांनी धरून बसायची. तळ नसलेल्या गोष्टीवर ठेवलेली एक फरशी, यापलीकडे होडीबद्दल तिचं मत नव्हतं. इंजिनाला तिने कधी बोट लावलं नाही.

बेटावर धुकं वरच्या अंगाला जास्त होतं. धुराड्याचं टोक दिसत नव्हतं. दादाने पायांना फळ्या बांधल्या, डबा कमरेला लावला आणि तो इस्पितळाकडे गेला. जाताना पुटपुटला, “मी आधी आलो तर झोप काढतो. तू आधी आलीस तर घाबरून घे.”

ती गवतात शिरली. एक फळी, मग दुसरी. पेटी, वडी, दात नाहीत. पुढची पेटी. धुक्यात स्वतःच्या फळ्यांचा चुरचुर आवाज जवळ येतो आणि बाकी सगळं लांब जातं. फेरीच्या अर्ध्यात, भट्टीच्या मागे ती वाकली असताना आवाज आला. लांबट, खालून येणारा, मध्येच तुटणारा. तिने आतलं दार लावून घेतलं आणि वडी उजेडात धरली.

आवाज पुन्हा आला. त्यात शब्द होता असं वाटलं. शब्द तर नेहमीच असतो. आईच्या वेळी आख्खं वाक्य होतं. तिने पेटी बंद केली, पुढे गेली. आज रडवे फार बोलताहेत, धुक्यामुळे असेल. इस्पितळाच्या बाजूने जाताना आवाज जवळून आला, दगडांच्या खालून, घोगरा. मनातल्या मनात ती वहिनीच्या घरातल्या लाद्या आठवू लागली, न्हाणीघरापासून दारापर्यंत, कोणती हलते, कोणती नाही. ही तिची युक्ती होती. लाद्या संपेपर्यंत आवाज मागे पडला.

दुपारभर तो येत होता. मग विरळ झाला. मग थांबला, आणि तिला हायसं वाटलं.

फेरी संपवून ती होडी लावायच्या उतरणीवर आली. होडी होती. होडीत दादा नव्हता. फळ्यांवर आडवा होऊन, तोंडावर टोपी टाकून झोपलेला असायचा तो. तिने डबा वाजवला. दोन ठोके. कान दिले. लाटा. पुन्हा दोन. लाटा.

वर गेला असेल परत. काही तरी विसरला असेल. ती खडकावर बसली, उठली. पक्षी यायच्या आत बेट सोडायचं असतं, हे त्याला तिच्याहून जास्त ठाऊक होतं. तिने तीन ठोके दिले. आयुष्यात पहिल्यांदा दिले, आणि त्यांचा आवाज तिलाच इतका परका वाटला की तिने डबा छातीशी घट्ट धरला.

मग ती परत चढू लागली.

इस्पितळाच्या पायरीला टेकून दोन फळ्या उभ्या होत्या. पट्टे आत दुमडलेले, व्यवस्थित. आत जाताना फळ्या काढून ठेवतात, फरशीवर त्या घसरतात म्हणून. आणि बाहेर येताना पहिलं काम त्या पायात घालायच्या.

ती भट्टीच्या मागे वाकली होती तेव्हापासूनची सगळी दुपार तिच्या डोळ्यांपुढून मागे मागे गेली. तो लांबट आवाज. तो घोगरा आवाज. लाद्या.

“दादा?” ती म्हणाली. बेटावर इतक्या वर्षांत तिने तोंडाने कोणाला मारलेली ती पहिली हाक.

आतून, खालून, आवाज आला. “भागूबाई. दोर आण.”

एवढंच. ती पायरीखाली उभी होती. तिला वाटलं, हाही रडवा असेल. तसं वाटून घ्यायला तिला फार आवडलं असतं.

दोर होडीत होता. ती वळली आणि तिच्या सगळ्या अंगाने धाव घेतली. पायांनी घेतली नाही. फळ्या होत्या. एक उचल, एक टाक. धावली असती तर दहाव्या पावलाला जमिनीत गेली असती, पाय मोडून पडली असती, आणि मग तीनही आवाज एकाच वेळी ओरडत राहिले असते, पक्ष्यांचा, त्याचा, तिचा. हे तिला कळत होतं. पण कळून चालणं म्हणजे काय, हे तिला त्या उतरणीवर समजलं. होडीपाशी ती पोचली, दोर हातात घेतला आणि क्षणभर खाली बसली. मधल्या फळीला हात लागला. इथे बसून राहावं, असं तिच्या मनात आलं. कोणी तरी येईल. वहिनी कोणाला तरी पाठवेल. आपण भागूबाई आहोत, आपल्याला कोण दोष देणार?

मग ती उठली, कारण बसणं जास्त भयंकर होतं.

इस्पितळाच्या दारात तिने फळ्या सोडल्या, पण ठेवून दिल्या नाहीत. गुडघ्यांवर आली. एक फळी पुढे फरशीवर टाकली, तिच्यावर रांगली, दुसरी तिच्यापुढे टाकली. दादाच्या फळ्याही ओढून घेतल्या. चार फळ्या, मागची उचलायची आणि पुढे टाकायची. कमरेचा डबा फरशीच्या उखडलेल्या कडेला अडकू लागला तेव्हा तिने तो सोडून मागे ठेवला. ओसरीत उंदरांच्या पेट्या ओळीने होत्या. त्याने पुसून स्वच्छ ठेवलेल्या.

तिसऱ्या खोलीत, जिथे पूर्वी रोग्यांना न्हाऊ घालत, फरशी नव्हती. मधोमध काळं भोक होतं. छपरावरचं पाणी साठवायची टाकी खाली होती, आणि वर इतकी वर्षं नुसत्या फरशीचा पापुद्रा. दादा त्यावरून कितीदा तरी चालून गेला होता, आज पापुद्रा कंटाळला.

तिने काठाशी मान नेली. खाली, हात न पोचणाऱ्या अंतरावर, छातीभर पाण्यात दादाचं तोंड होतं. पांढरं, लहान झालेलं.

“पाय अडकलाय,” तो म्हणाला. दात वाजत होते. “तुळई पडलीय त्यावर. मोडला असेल. डबा पाण्यात गेला. फोनही. नाही तरी इथे कुठे रेंज असते.”

“दोर टाकते.”

“काखेखालून घेतो. तू ओढू नकोस, तू खाली येशील. नुसतं धर. मला ग्लानी येतेय गं. मान पाण्यात जाते.”

खिडकीला लोखंडी गज होता. तिने दोर गजावरून घेतला. पण गाठ मारण्याइतका उरला नाही. टोक जेमतेम तिच्या मनगटाला गुंडाळता आलं. चारही फळ्या अंगाखाली घेऊन ती पालथी पडली. दोर ताणला की त्याचं तोंड पाण्यावर राहायचं, सैल सोडला की हनुवटी बुडायची. फरशी तिच्या पोटाखाली बारीक कुरकुरत होती. ती ते ऐकत होती. तिच्याइतकं ते कोणालाच ऐकू आलं नसतं.

“भागूबाई.”

“काय?”

“सकाळपासून हाका मारतोय मी.”

“ऐकल्या.”

“मग?”

“रडवे वाटले.”

खाली पाणी डुबडुबलं. मग त्याच्या घशातून काही तरी निघालं. ते हसू होतं हे कळायला तिला वेळ लागला.

“बरोबर केलंस,” तो म्हणाला. “मीही दिली नसती ओ.” आणि मग थोड्या वेळाने, खूप बारीक आवाजात, “आता दे मात्र. मी हाक मारतो, तू ओ देत राहा. नाहीतर झोपेन मी.”

“हो.”

“भागूबाई.”

“ओ.”

“भागूबाई.”

“ओ.”

खिडकीतलं धुकं राखाडी झालं, मग काळं. हाकांमधलं अंतर वाढू लागलं. अंतर वाढलं की ती दोर हिसकायची आणि खालून शिवी यायची. शिवी ऐकून तिला बरं वाटायचं. मनगट सुन्न झालं होतं. मग वरून, धुक्यातून, पहिला रडवा आला. मग दुसरा. मग सगळे. दिवसभर समुद्रावर गेलेले जोडीदार घरी परतत होते, आणि बिळाबिळांतून त्यांना हाका सुरू झाल्या. जमीन बोलू लागली. फरशीखालून, भिंतीमागून, छपरावरून, मूल रडलं, म्हातारी कण्हली, आईने दिवा मालवायला सांगितला. त्या कल्लोळात एक हाक दादाची होती. कोणती, ते तिला ओळखता येईना.

एक हाक चुकली, तो ओ न मिळून झोपला, तर? मग तिने एकच गोष्ट केली. ती प्रत्येक हाकेला ओ देऊ लागली. बिळातून आली, ओ. आभाळातून आली, ओ. आईला, ओ. मामाला, ओ. इतक्या वर्षांचं कानातलं दार सताड उघडं पडलं होतं, आणि ती अंधारात पालथी पडून, रडत, सगळ्यांना ओ देत होती.

त्यात टिण् टिण् असा आवाज आला. दोन ठोके. उतरणीवरून.

“इथे!” ती किंचाळली. “इथे! इथे!”

माणसांचे आवाज होते. अंधार पडला तरी दोघं परतली नाहीत म्हणून वहिनी आली होती. धक्क्यावर बर्फ विकणारा होता, त्याची स्वतःची होडी होती आणि तो खात्याच्या कामाला अधूनमधून यायचा. “थांबा, वहिनी,” तो म्हणत होता, धुक्यात शब्द अगदी स्वच्छ येत होता. “जाऊ नका आवाजावर. रडवे आहेत ते. ओ देऊ नका.”

“बाईचा आवाज वाटतोय हो.”

“वाटणारच. मला तर माझी सासू ऐकू येतेय. डबा वाजला तरच जायचं.”

पुन्हा दोन ठोके. मग शांतता, ते उत्तराची वाट बघत होते.

तिचा डबा मागे ओसरीत होता. हात दोराला होता. खालून हाक येऊन किती वेळ झाला, तिला आठवेना. तिच्याजवळ आवाज करण्यासारखं एकच उरलं होतं, आणि ते तिच्या पोटाखाली होतं. तिने डावा हात कसाबसा सोडवला, छातीखालची एक फळी ओढून काढली आणि ती उचलली. फरशी कुरकुरली. आयुष्यभर ज्या फरश्यांना तिने जपून, विनवणी केल्यासारखे पाय लावले होते, त्यांतल्या सगळ्यांत वाईट फरशीवर तिने फळी आपटली. एकदा. काठाचा तुकडा सुटून पाण्यात पडला. दुसऱ्यांदा. तिने डोळे मिटले. तिसऱ्यांदा.

फरशी राहिली.

उतरणीवरून तीन ठोके परत आले. मग वहिनीचा आवाज, बेटाचा कुठलाही नियम न पाळणारा, “आले गं! आले!”

दादाला त्यांनी बाहेर काढलं तेव्हा त्याला शुद्ध नव्हती, पण श्वास होता. पाय वाचला, आखूड झाला. होडी आता बर्फवाला चालवतो. दादा धक्क्यावर खोक्यावर बसून जाळी विणतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, “आमच्या भागूबाईने जमिनीलाच बडवून काढलं त्या दिवशी.” ती जवळून जाताना तो ओली पायरी दिसली की अजून हात पुढे करतो. तीही धरते.

ती बेटावर जाते. इस्पितळाला खात्याने तारेचं कुंपण घातलंय. नसतं घातलं तरी ती आत गेली नसती. भीती कमी झाली असं कोणी म्हणालं तर ती मान हलवते. उलट वाढलीय. पूर्वी तिला आवाजाची भीती वाटायची, आता तो आवाज पक्ष्याचाच आहे असं ठरवून टाकायची वाटते. म्हणून तिची फेरी लांबते. गवतातून कोणी विव्हळलं की ती थांबते, डब्यावर दोन ठोके देते आणि मान वाकडी करून उभी राहते.

“चला हो,” बर्फवाला होडीतून हात हलवतो. “किती जणांना विचारणार?”

ती बोट ओठांवर ठेवते. पायांखाली, फळीच्या खाली, अंगठ्याएवढ्या मातीच्या खाली, काही तरी हलतं, पुन्हा एकदा कण्हतं, आणि अंड्यावर नीट बसून गप्प होतं. तेव्हा ती दुसरी फळी उचलते.